कयाकवर अॅक्सेसरी ट्रॅक बसवायचेत, पण भोकं पाडायला हात धजत नाहीये

कर्लीकाठ

नमस्कार मंडळी. मी देवबागचा. इथे वाचतोय बरेच दिवस, लिहितोय पहिल्यांदा. सीझन संपताना एका वॉटर स्पोर्ट्सवाल्याकडून जुनी सिट ऑन टॉप (आत नाही, वर बसायची) कयाक घेतली, दहा फुटी, पिवळी, बुडाला खरवडलेली आहे पण कुठे तडा नाही. मे महिन्यात पाच-सहा वेळा कर्लीत गरवून आलो आणि प्रत्येक वेळी तोच तमाशा, रॉड दोन पायांच्या मधे, फोन जॅकेटच्या खिशात, पक्कड मांडीखाली, आणि मासा लागला की यातली एक तरी वस्तू पाण्यात. एक पक्कड आणि लुअरचा एक अख्खा डबा नदीने घेतलाय आत्तापर्यंत.

म्हणून १२ इंची दोन अॅल्युमिनियमचे ट्रॅक मागवले. ज्यांनी बघितले नसतील त्यांच्यासाठी, लांब पट्टी असते, मधोमध खाच, खाचेत टी आकाराचा बोल्ट सरकतो, त्याच्यावर रॉड होल्डर, फिश फाइंडर, कॅमेरा काय पाहिजे ते बसवून घट्ट करायचं आणि घरी येताना काढून आणायचं. आयडिया मस्त आहे, पण आता ट्रॅक टेबलावर, कयाक पडवीत, ड्रिल हातात आणि माझी हिंमत होत नाहीये.

पाकिटात सेल्फ टॅपिंग स्क्रू आलेत ते चालतील का? कोणी म्हणतं वेल नट वापर, कोणी म्हणतं रिव्हेट. पुढच्या गोल हॅचमधून माझा हात कोपरापर्यंतच जातो, सीटच्या मागे तर काहीच पोचत नाही. सिलिकॉन लावून वरूनच चिकटवले तर? आणि नेमके बसवायचे कुठे? बाबा दिवसातून दोनदा पडवीत येऊन म्हणतात, "होडयेक भोकां पाडून मासे धरूक जातलो पयलोच मानूस बघतंय." नारळी पौर्णिमेपर्यंत वेळच वेळ आहे, सविस्तर सांगितलं तरी चालेल.

भाट्येवाला

स्वागत रे. कुठे बसवायचे हे तू सगळ्यात शेवटी विचारलंयस, ते पहिलं आहे.

माझ्या पहिल्या कयाकवर मी ट्रॅक जाहिरातीतल्या फोटोत होता तिथेच बसवला. भाट्याच्या खाडीत उतरलो आणि प्रत्येक वल्ह्याला उजव्या हाताची बोटं रॉड होल्डरवर, दोन तासांत सालपटं निघाली आणि वर खारं पाणी, विचारू नको. तर कयाक अंगणात घे, सीट लाव, लाइफ जॅकेट घालूनच बस कारण जॅकेट घातलं की कोपरं जास्त बाहेर फिरतात, आणि हवेत शंभरेक वल्ही मार. शेजारी बघतील, बघू दे. हात जिथून जातात ती जागा सोडायची. मग ट्रॅक मास्किंग टेपने चिकटव, त्यावर रॉड होल्डर खरोखर लावून बघ आणि परत वल्हं मार. बूड सीटवरून न उचलता हात पोचला पाहिजे. मला विचारशील तर गुडघ्याच्या थोडं पुढे, कडेच्या सपाट भागावर, दोन्ही बाजूंना एकेक. मागचं सोडून दे सध्या, मागे वळून रॉड काढायच्या नादात मी एकदा पालथा झालोय.

आता स्क्रू. पाकिटातले सेल्फ टॅपिंग बाबांच्या डब्यात टाक, घरात कुठेतरी उपयोगी पडतील. कयाक म्हणजे पॉलिथिलीन, पाण्याच्या टाकीसारखंच साच्यात फिरवून केलेलं, जाडी चार-पाच मिलिमीटर, त्यात स्क्रूचे दोन-तीन आटे धरणार आणि तेही मऊ प्लास्टिकमधे. फोन ठेवायला ठीक आहे. पण रॉड म्हणजे पहार रे, सहा फुटाचा दांडा, टोकाला चोणक लागला की तो ट्रॅक सरळ वर नाही ओढत, एका टोकाने उचकटतो. पहिला स्क्रू सुटला की बाकीचे चेन ओढल्यासारखे सुटतात.

जिथे हात पोचतो तिथे आरपार बोल्ट, आतून मोठा वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेला, सहज सैल न होणारा. वॉशरपेक्षा भारी म्हणजे आतून पट्टी द्यायची, स्वयंपाकघरातला पांढरा चॉपिंग बोर्ड असतो ना तो कापून, तोही बहुतेक पॉलिथिलीनचाच असतो, कुजत नाही गंजत नाही. घरचा कापू नको, नवीन आण.

जिथे हात पोचत नाही तिथे वेल नट. रबराची टोपी, तिच्या बुडाला पितळेचा नट, भोकात घालायची आणि वरून बोल्ट आवळला की रबर आतल्या बाजूने फुगून बसतं. पाणीही अडवतं. वाईट एवढंच की भोक बोल्टपेक्षा बरंच मोठं पाडावं लागतं आणि काही वर्षांनी उन्हाखाऱ्याने रबर कडक होतं, मग बदलायचं. आणि जास्त आवळलास तर आख्खा नट गरागरा फिरतो. रिव्हेट घ्यायचेच तर आतून तीन पाकळ्या उघडतात तसले, साधे पॉप रिव्हेट नकोत, त्यांचं आतलं डोकं एवढुसं असतं, मऊ प्लास्टिकमधून ओढून निघतं. रिव्हेट काढायचा म्हणजे परत ड्रिल, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

चिकटवायचं विसर. पॉलिथिलीनला काहीच नीट धरत नाही, सिलिकॉन तर दुसऱ्या दिवशी सालीसारखं निघतं. सीलंट लावायचं ते फक्त भोकाभोवती पाणी अडवायला, पकड बोल्टची. आणि व्हिनेगरसारखा आंबट वास मारणारं सिलिकॉन नको, ते धातूला खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घे.

कर्लीकाठ

दादा एवढं सगळं लिहिलंत, खूप आभार. काल पाऊस थांबला तासभर तेव्हा अंगणात बसून वल्ही मारली. वाडीत बातमी पोचलीय. मी मनात धरलेली जागा साफ चुकीची होती, हात बरोब्बर तिथूनच जात होता.

आता जी जागा ठरली ती पूर्ण सपाट नाही, मधे किंचित फुगीर आहे. ट्रॅक ठेवला की दोन्ही टोकं अधांतरी, दोन-दोन मिलिमीटर. आवळून बसवू का सरळ?

खिडकीवाला_कुडाळ

मी कयाकवाला नाही, पण माझं स्लायडिंग खिडक्यांचं काम आहे आणि अॅल्युमिनियम, स्टेनलेस, खारा वारा यांच्यातली भांडणं रोज सोडवतो, म्हणून बोलतो.

आवळून बसवू नका. पट्टी वाकली की खाच आवळते आणि तुमचा टी बोल्ट मधेच अडकतो. टोकांखाली नायलॉनचे वॉशर किंवा जुन्या सायकल ट्यूबच्या घड्या द्या, पट्टी सरळ राहिली पाहिजे. प्रत्येक बोल्ट थोडा थोडा आवळत जा आणि दर वेळी टी बोल्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघा.

दुसरं, ट्रॅकची भोकं बघा, वरून शंकूसारखी खोलगट असतील तर बोल्ट सीएसके म्हणजे खाली निमुळत्या, वरून सपाट डोक्याचेच घ्यायचे. गोल डोक्याचा घातलात की डोकं खाचेत वर येतं आणि टी बोल्ट तिथेच थांबतो. सीएसके बोल्टची लांबी डोक्यासकट मोजतात, बाकीच्यांची डोकं सोडून, दुकानात यावरून रोज घोळ होतो.

तिसरं. दुकानात नुसतं एसएस द्या म्हणालात तर काय देतील सांगता येत नाही. बोल्टच्या डोक्यावर वाचा, ए२-७० असेल तर ३०४ च्या जातीचं, ए४-७० किंवा ए४-८० असेल तर ३१६ च्या जातीचं. ३१६ मधे दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडून गंज धरतो तो त्याने बराच रोखला जातो. ३०४ पण चालेल, प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुणार असाल तर. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर मी घेत नाही. लोहचुंबक लावून ग्रेड कळते म्हणतात त्यावर जाऊ नका, ३०४ आणि ३१६ दोन्ही जवळजवळ सारखेच वागतात चुंबकाला.

आणि खरी गंमत पुढे आहे. स्टेनलेस बरा राहतो, मरतं ते अॅल्युमिनियम. दोन धातू, मधे मिठाचं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, आणि या जोडीत झिजणारा गडी नेहमी अॅल्युमिनियम. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी पावडर दिसायला लागली की समजा सुरुवात झाली. अॅनोडाइज केलेला, म्हणजे वर ऑक्साइडचा कडक थर चढवलेला ट्रॅक टिकतो पण भोकाच्या कडेला कोटिंग खरवडलं जातं नेमकं. बोल्ट घालताना डोक्याखाली आणि जिथे दोन धातू टेकतात तिथे मरीन ग्रेडचं वॉटरप्रूफ ग्रीस भरा, अगदी नसेल तर थोडं न्यूट्रल सीलंट. म्हणजे पाणी मधे शिरत नाही.

भाट्येवाल्यांच्या एका गोष्टीत थोडी भर. प्लास्टिक उन्हात वाढतं, आणि अॅल्युमिनियमच्या पाच-सहापट वाढतं. सावलीतली कयाक मे महिन्यात कातळावर दुपारी ठेवलीत, तीसेक अंशाचा फरक पडला, तर तुमच्या १२ इंचात प्लास्टिक सव्वा-दीड मिलिमीटर लांब होणार आणि पट्टी जेमतेम पाव मिलिमीटर. भोकं बोल्टला अगदी टाइट पाडलीत तर सगळा ताण भोकांच्या कडांवर. मधलं भोक मापात ठेवा, टोकाची दोन अर्धा-पाऊण मिलिमीटर सैल.

भाट्येवाला

हे मला माहीत नव्हतं. माझ्या ट्रॅकच्या टोकाकडचं एक भोक लांबट झालंय आणि मी आजवर त्या पाच किलोच्या चोणकाला दोष देत होतो.

रेवदंड्याचा_जिताडा

पाच किलोचा होता ना खरंच?

असो. माझं मत वेगळं आहे, भोकं पाडूच नका. तुम्ही चोणक म्हणता त्याला आम्ही जिताडा म्हणतो आणि कुंडलिकेत मी सात वर्षं तो पकडतोय एका साध्या जुगाडावर. सीटच्या मागच्या खळग्यात भाजीचा क्रेट, क्रेटला पीव्हीसी पाइपचे तुकडे केबल टायने बांधलेले, ते रॉड होल्डर. पुढे मांड्यांच्या वर आडवी एक फळी, कयाकच्या मूळच्या कड्यांना पट्ट्याने बांधलेली, त्या फळीवर हवे तेवढे ट्रॅक लावा, फळीलाच भोकं पाडा ना. कयाक विकायची झाली तर फळी उचलली की झालं. ह्याच्या बाबांचं बरोबर आहे.

भाट्येवाला

फळी चालते, नाही कशाला म्हणू. पण कयाक उलटली की मांड्यांवर बांधलेली फळी घेऊन बाहेर कसा येणार? सिट ऑन टॉपचा फायदाच हा की माणूस सुटा पडतो. तुमची फळी पायांच्या पुढे असेल तर ठीक, मांड्यांच्या वर नको. क्रेट मात्र मीही वापरतो.

रेवदंड्याचा_जिताडा

गुडघ्यांच्या पुढे आहे हो, लिहिताना मांड्या लिहिलं. पण मुद्दा बरोबर आहे, नवीन माणसाने वाचून तसं करायला नको.

चिपीतलो

तुमी सगळे पावसात बसान होडयेर पीएचडी करतास काय? आमचो आजो आयुष्यभर पगारात, म्हंजे ल्हान होडयेत, गरी पायाच्या आंगठ्याक बांधून बसलो, तेचो कधी ट्रॅक सुटूक नाय.

कर्लीकाठ

हाहा, बाबांना वाचून दाखवलं, फार खूश झाले.

दोन शंका राहिल्यात. ट्रॅकबरोबर आलेल्या टी बोल्टचा नट हरवला, मालवणात एम ६ चा आणला तर दोन फेऱ्या जातो आणि मग अडकतो. आणि अँकरची दोरी ट्रॅकवर क्लीट (दोरी अडकवायची खुंटी) लावून बांधू का? पुढे कडी आहे पण बसल्या जागेवरून पोचत नाही.

खिडकीवाला_कुडाळ

तिथेच थांबा, पाना लावून जबरदस्ती करू नका, आटे जातील. हे ट्रॅक अमेरिकन पद्धतीचे असतात, त्यांचा बोल्ट बहुतेक पाव इंची, इंचाला २० आटे. एम ६ दिसायला सारखा पण ६ मिलिमीटर आणि आट्याची चाल १ मिलिमीटर, तो ६.३५ आणि चाल १.२७. जुन्या हार्डवेअरवाल्याकडे जाऊन दोन सुती विसाचा नट मागा, पाव इंच म्हणजे दोन सूत. आणि कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडचा स्क्रू हाच असतो, म्हणजे नेलेला नट खरा की खोटा ते घरात ट्रायपॉड असेल तर त्यावर फिरवून बघता येईल.

भाट्येवाला

अँकर ट्रॅकवर नको. अजिबात नको. देवबागच्या संगमाकडे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी कसं ओढतं ते तुला मी सांगायला नको. कडेला बांधलेला अँकर म्हणजे कयाक आडवी होणार, प्रवाह एका बाजूने चढणार आणि क्षणात पालथी. ओढ कायम टोकावरच यायला हवी. त्यासाठी कडेने पुढून मागे दोरीचा फेरा, दोन टोकांना पुली, मधे एक रिंग, बसल्या जागेवरून दोरी ओढून रिंग टोकाला न्यायची. त्याला अँकर ट्रॉली म्हणतात. आणि दोरी चटकन सोडता आली पाहिजे, सुरी हाताशी.

१ जून ते ३१ जुलैची बंदी यांत्रिक होड्यांना आहे, आपल्या वल्ह्याला नाही, हे खरं, पण म्हणून पावसात खाडीच्या तोंडाला टेस्टिंगला जायचं नाही. आतल्या बाजूला, भांगाच्या म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत जा, तेव्हा पाण्याची ओढ कमी असते.

ड्रिल करताना ऐक. डेकवरचं पाणी खाली निघून जायच्या ज्या आरपार नळ्या आत असतात त्या कुठे आहेत ते टॉर्च लावून आधी बघ, त्यातल्या एकीला भोक पडलं की ते थेट पाण्याखालचं भोक. बिटला टेप गुंडाळ, दहा मिलिमीटरच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, काही ठिकाणी डेक आणि बुडाचं अंतर फार कमी असतं. ड्रिल हळू फिरव, जोरात फिरवलंस तर प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं. मोठ्या भोकाला स्टेप बिट, पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणारं. सगळी भोकं एकदम पाडायची नाहीत, मधलं एक पाड, बोल्ट लाव, मग पट्टी सरळ करून बाकीची. आत पडलेला भुगा व्हॅक्यूमने काढ, खाडीत धुऊ नको. आणि आवळल्यावर आठवड्याने परत पाव फेरी दे, पॉलिथिलीन दबून सरकतं, बोल्ट आपोआप सैल होतात.

कर्लीकाठ

मंडळी, झालं काम. जरा उशिरा सांगतोय.

उजवीकडचा ट्रॅक पुढच्या हॅचमधून आरपार बोल्टने बसला. हात पुरत नव्हता तर भाचीला बोलावलं, अकरा वर्षांची, तिचा हात खांद्यापर्यंत गेला. रिंग पान्यात नट टेपने चिकटवून दिला, ती आतून धरून बसली आणि मी वरून फिरवत होतो, शेवटच्या नटाला तिने सांगितलं की मामा आत पाल आहे. नव्हती, फोमचा तुकडा होता, पण नट पडला तो पडलाच, कयाक उभी करून हलवून काढावा लागला. डावीकडे वेल नट लावले. टोकाची भोकं सैल ठेवली, खाली ट्यूबच्या घड्या.

आणि चूक केलीच. डावा ट्रॅक एकदम सरळ, बोल्ट घट्ट, सीलंट व्यवस्थित, फोटो काढण्यासारखा. मग टी बोल्ट घालायला गेलो तर जातच नाही. माझ्या ट्रॅकला बोल्ट फक्त टोकातून आत जातो, आणि मी पुढचं टोक उचलायच्या हँडलला अगदी टेकवून ठेवलेलं, मागचं टोक डेकच्या उंचवट्याला. दोन्ही दारं बंद. अर्धा तास नुसता बघत बसलो. शेवटी हॅकसॉने पुढून एक इंच कापला, कानशीने घासला, तर कापलेल्या तोंडावर अॅनोडाइज नाही, तिथे आता दर वेळी ग्रीस लावतोय. कोणी बसवणार असेल तर टोकाला दोन बोटं जागा सोडा.

पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी गेलो, भांग होता, चिपीच्या कडेने दोन तास. रॉड होल्डरला रॉड, रॉडला दोरी, पक्कडीला दोरी, फोनला दोरी, दोऱ्यांतच अडकलो अर्धा वेळ. एक तांबोशी लागली, तळहातापेक्षा थोडी मोठी, ट्रॅकने हूं की चूं केलं नाही, सोडून दिली. आल्यावर आत टॉर्च मारला, वर्तमानपत्र पसरून ठेवलेलं ते उजवीकडे कोरडं ठणठणीत, डावीकडे एका वेल नटखाली रुपयाएवढा ओला डाग. तो काढून परत बसवू की फक्त आवळू?

बाबा दुसऱ्या दिवशी पडवीत आले, ट्रॅकवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, हेच्यार तंबाखूची डबी रवात काय.

भाट्येवाला

आवळू नको, काढ. वेल नटच्या कॉलरखाली प्लास्टिकचा काप राहिला असणार, भोकाची कड ब्लेडने साफ कर, कॉलरखाली सीलंटचं पातळ कडं दे आणि परत बसव. रबर वळलंय का तेही बघ, वळलं असेल तर नवीन.

खिडकीवाला_कुडाळ

डबी स्टीलची असेल तर बुडाला भोक पाडून दोन सुती सीएसके बोल्ट, आतून रबर वॉशर. तंबाखू ओला झाला तर बाबा कयाक विकतील.

चिपीतलो

डबयेक दोरी बांध पयली.